घरात साप निघाला की

पहिला पाऊस पडला की खारघर, उलवे, द्रोणागिरी, तळोजा इथल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर दरवर्षी तोच फोटो येतो. जिन्याखाली, पाण्याच्या मीटरच्या कपाटात, नाहीतर पार्किंगमधल्या गाडीच्या चाकाशी वेटोळे घालून बसलेला साप. खाली भराभर निरोप पडतात. एकजण म्हणतो, मुले खेळतात तिथे, मारून टाका. दुसरा म्हणतो, पाप लागेल. तिसरा सर्पमित्राचा नंबर टाकतो आणि चौथा विचारतो, तो पैसे किती घेतो? विषारी साप मारावा की नाही यावर जगभर जेवढा काथ्याकूट झाला आहे, तो जवळजवळ सगळा या चार निरोपांत येऊन जातो.

माझे मत आधीच सांगून टाकतो. नवी मुंबईच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला साप मारण्याचे कारण सहसा उरलेले नाही. पण तेच माप डोंगरापलीकडच्या वाडीतल्या माणसाला लावायला मी तयार नाही. साप न मारणे परवडण्यासाठी आधी बरेच काही हाताशी असावे लागते: दिवा, पलंग, रस्ता, फोन उचलणारा माणूस आणि तासाभरात पोहोचता येईल असे रुग्णालय. हे सगळे ज्याच्याकडे आहे त्याने नसलेल्याला अहिंसा शिकवू नये.

सिडकोची स्थापना 1970 साली झाली आणि ठाणे, पनवेल, उरण या तालुक्यांतल्या 95 गावांच्या जमिनीवर नवे शहर आखले गेले. त्या जमिनी म्हणजे भातखाचरे, मिठागरे, खाजण, बांधाबांधावरची झुडपे आणि मागे पारसिक-खारघरचे डोंगर. भात आले की उंदीर येतात, उंदीर आले की धामण आणि नाग येतात. बेडकांच्या मागे दिवड असते. ही साखळी इथल्या आगरी-कोळी घरांना पिढ्यानपिढ्या ठाऊक होती. शहर वसले तेव्हा खाचरे गेली, पण उंदीर गेले नाहीत. उलट हॉटेलांच्या मागची गटारे, उघड्या कचराकुंड्या आणि अर्धवट इमारतींभोवतीचा राडारोडा यांनी त्यांची चंगळ केली. विमानतळासाठी उलव्याची टेकडी सुरुंग लावून कापली, उलवे नदीचे पात्र वळवले, भराव घातला. 8 ऑक्टोबर 2025 रोजी त्या विमानतळाचे उद्घाटन झाले. अशा कामात जमिनीखालच्या बिळांत राहणाऱ्यांचे काय होते याचा हिशेब कुठल्याही प्रकल्प अहवालात ठळकपणे येत नाही. त्यातले काही जीव शेजारच्या सेक्टरमध्ये निघतात आणि आपण म्हणतो, हल्ली साप फार झाले बुवा.

नगर वसवण्यासाठी सापांचे रान उठवण्याची आपली कथा फार जुनी आहे. इंद्रप्रस्थ उभे राहिले ते खांडववन जाळून. तक्षक तेव्हा वनात नव्हता म्हणून वाचला. पुढे परीक्षिताला त्याचा दंश झाला आणि परीक्षिताच्या मुलाने, जनमेजयाने, सर्पसत्र मांडून साऱ्या नागकुळाची आहुती द्यायला घेतली. ते थांबवले आस्तिकाने, ज्याची आई नागकुळातली आणि बाप ऋषी. इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’मध्ये खांडवदाहाकडे पराक्रम म्हणून पाहिले नाही, तिथल्या निर्घृण संहारावर बोट ठेवले. महाभारतातली ही मालिका मला नागपंचमीच्या कहाण्यांपेक्षा जास्त कामाची वाटते. वैर दंशापासून सुरू झालेले नाही, जागेपासून सुरू झाले आहे, एवढे तरी ती स्पष्ट सांगते.

आता विषारी म्हणजे कोणते. महाराष्ट्रात माणसे दगावतात ती मुख्यतः चार सापांमुळे: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. नवी मुंबईच्या वस्तीत निघणाऱ्यांत नाग आणि घोणस ओळखीचे आहेत, मण्यारही आहे. डोंगराच्या बाजूला फुरसे आणि झाडाझुडपांत हिरवा चापडा भेटू शकतो. बाकी धामण, दिवड, कवड्या, तस्कर, नानेटी, गवत्या, डुरक्या घोणस, अजगर हे सगळे बिनविषारी. काठीखाली मात्र तेही येतात. कवड्या हा पाली खाणारा, भिंतीवर सहज चढणारा, बोटभर जाडीचा साप. घरात शिरणाऱ्यांत तो नेहमीचा आणि मण्यार समजून मारला जाणाऱ्यांतही तोच नेहमीचा. कवड्याचे पट्टे मानेपासूनच सुरू होतात आणि शेपटीकडे फिके होत जातात. मण्यारीचे पांढरे पट्टे बारीक, बरेचदा जोडीजोडीने असतात, मानेजवळ अस्पष्ट आणि शेपटीकडे ठसठशीत. कागदावर हा फरक सोपा वाटतो. रात्री अकरा वाजता मोरीत, भेदरलेल्या माणसाला तो दिसत नाही आणि त्याबद्दल त्याला दोषही देता येत नाही. डुरक्या घोणशीचे तर नावच तिच्या जिवावर उठते. अंगावरचे ठिपके पाहून तिला घोणस ठरवले जाते आणि खेळ आटोपतो. म्हणजे ‘मी फक्त विषारी सापच मारतो’ असे म्हणणाऱ्याने आधी आपल्याला तो ओळखता येतो हे सिद्ध करायला हवे. ज्याला खरोखर ओळखता येतो तो सहसा मारत नाही, असा माझा अनुभव आहे.

कायदा काय म्हणतो? 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सापाला वन्यप्राणी मानले आहे. 2022 च्या दुरुस्तीनंतर नाग, घोणस आणि धामण पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीला आहेत. त्यांना मारले तर किमान तीन वर्षांची कैद आणि किमान 25 हजारांचा दंड होऊ शकतो. कायद्याची शिकारीची व्याख्या इतकी रुंद आहे की सापळा लावणे, हुसकणे, पकडणे, इतकेच काय सरपटणाऱ्या प्राण्याची अंडी फोडणेही तिच्यात येते. परवानगीशिवाय साप पिशवीत भरणारा हौशी तरुणही कागदोपत्री शिकारीच ठरतो. त्याच कायद्याच्या अकराव्या कलमात मात्र एक दार उघडे ठेवले आहे: स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या बचावासाठी, प्रामाणिक हेतूने वन्यप्राण्याला मारले वा जखमी केले तर तो गुन्हा नाही.

सगळी गोम या ‘बचावा’त आहे. पाळण्यापाशी फणा काढलेला नाग आणि कंपाऊंडच्या भिंतीकडेने निमूट निघालेला नाग हे दोन वेगळे प्रसंग आहेत. पहिल्यात कुणीही काठी उचलेल, उचलावी. दुसऱ्यात साप आपल्या वाटेने चाललेला असतो आणि त्याचा पाठलाग करणारे आपण असतो. तरीही आपल्याकडे मारलेला बहुतेक साप हा ‘उद्या चावला असता’ या सदरातला असतो. उद्याच्या गुन्ह्यासाठी आज फाशी, हा न्याय आपण कुठल्या माणसाला लावणार नाही. यावर सोसायटीतले आईबाप म्हणतात, चूक माझ्या मुलाच्या जिवावर बेतणार असेल तर मी सापाला संशयाचा फायदा का द्यावा? प्रश्न रास्त आहे आणि भूतदयेच्या भाषणाने तो मिटत नाही. मिटतो तो तिसरा पर्याय असला की. साप नजरेआड न करता, आठ-दहा फुटांवरून लक्ष ठेवून, मुलांना आत घेऊन, वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर किंवा अग्निशमन दलाला फोन केला आणि अर्ध्या-पाऊण तासात माणूस आला, तर मारण्याची गरज राहात नाही. नवी मुंबईत हे बऱ्यापैकी घडते. म्हणूनच इथली काठी ही बचावापेक्षा सवयीची काठी आहे.

या तिसऱ्या पर्यायाचा विचार गांधींनी फार आधी केला होता. दक्षिण आफ्रिकेत टॉल्स्टॉय फार्मवर साप मारायचे नाहीत असा प्रयत्न चाले. त्यांचे सहकारी कॅलनबाख यांनी तर सापांची ओळख करून घेण्यासाठी पुस्तके जमवली होती आणि एक साप पिंजऱ्यात पाळला होता. पण एकदा त्याच कॅलनबाखच्या खोलीत साप अशा जागी निघाला की त्याला हाकलताही येईना आणि धरताही येईना. तिथल्या एका विद्यार्थ्याने मारण्याची परवानगी मागितली आणि गांधींनी ती दिली. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे, आढेवेढे न घेता. पुढे वर्ध्याजवळ सेवाग्रामला साप पकडायचा लांब लाकडी चिमटा आणि सोडायची पेटी असे, ती आजही तिथे पाहायला मिळते. तत्त्वाच्या जोडीला चिमटा ठेवणारा हा माणूस मला या विषयातला सर्वांत व्यवहारी वाटतो. अहिंसा हवी तर अवजार हवे, आणि अवजार चालत नसेल त्या दिवशी मारल्याची कबुली हवी.

मारण्याच्या बाजूने आणखी एक युक्तिवाद केला जातो, डॉक्टरला दाखवायला साप लागतो. तो आता कालबाह्य आहे. भारतात मिळणारे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर चालणारे आहे. कोणता साप चावला ते न कळले तरी इंजेक्शन तेच द्यायचे असते. डॉक्टर लक्षणे पाहतात, साध्या काचेच्या नळीत रक्त घेऊन वीस मिनिटांत ते गोठते का ते पाहतात, पापण्या मिटू लागल्या आहेत का ते बघतात. सापाच्या मागे धावण्यात वेळ जातो, चावा बसलेल्या माणसाच्या अंगात विष पसरते आणि मारायला गेलेल्या दुसऱ्याला दंश होतो. तुटलेले मुंडकेसुद्धा काही काळ चावू शकते. साप मारण्याचे धाडस हेच सर्पदंशाचे एक कारण आहे, ही गोष्ट नीतीच्या चर्चेत मधोमध असायला हवी.

सरसकट मारून सापांचा नायनाट होतो का, याचा प्रयोग आपल्याच कोकणात झाला आहे. रत्नागिरी जिल्ह्यात फुरशांचा सुळसुळाट म्हणून इंग्रज सरकारने दर फुरशामागे बक्षीस ठेवले. 1862 मध्ये बक्षीस वाढवून दोन आणे केले तेव्हा आठवडाभरातच लाखावर फुरशी आणून टाकली गेली. पुढे सहा वर्षे वर्षाकाठी सरासरी सव्वादोन लाखांची कत्तल झाल्याची नोंद आहे. आज दीडशे वर्षांनंतरही रत्नागिरीच्या कातळावर फुरसे आहेच आणि आंब्याच्या बागेत पाला गोळा करणाऱ्यांना ते चावतेच. सरकारचा पैसा गेला, लोकांना चार पैसे मिळाले, फुरसे राहिले. अमेरिकेत टेक्सासमधल्या स्वीटवॉटर गावात 1958 पासून दरवर्षी रॅटलस्नेकची जत्रा भरते. हजारो साप पकडून आणतात, मारतात, सोलतात, तळून खातात. तिथे बचावाची सबबही उरलेली नाही, ती करमणूक आहे. जॉर्जियातल्या क्लॅक्स्टनने मात्र अशीच जत्रा 2012 पासून साप न मारता भरवायला सुरुवात केली आणि गर्दी तरीही होते.

शिकारीवरून आठवले. जिम कॉर्बेटसारखा निसर्गवेडा माणूस, पण त्याची एक अंधश्रद्धा होती: आधी एखादा साप मारल्याशिवाय नरभक्षक वाघ आपल्या हाती लागणार नाही. कांडाच्या नरभक्षकाच्या कथेत त्याने हे मोकळेपणाने सांगितले आहे आणि तिथे तो वाटेतल्या नागराजाला मारतोही. कॉर्बेटच्या ठिकाणी वाघाविषयी आदर होता, सापाविषयी शकुन होता. आपल्या सगळ्यांच्या मनातली उतरंड अशीच आहे. वाघासाठी आपण मोर्चा काढू, घोणशीसाठी कुणी काढणार नाही.

आणि वर्षातून एक दिवस आपण नागाची पूजा करतो. सांगली जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्यात जिवंत नाग पकडून पूजायची आणि मिरवायची प्रथा होती. उच्च न्यायालयाने तिला चाप लावला. 2025 मध्ये केंद्राने शैक्षणिक उद्देशाने, अगदी मर्यादित संख्येने नाग पकडायला परवानगी दिली आणि गावात आनंदीआनंद झाला. शिराळकरांची श्रद्धा खोटी नाही. पण नाग दूध पीत नाही, पुंगीला डोलत नाही आणि दिवसाउजेडी गर्दीत धरला जाणे त्याला सुखाचे नाही, एवढे प्राणिशास्त्र त्या श्रद्धेला कळावे अशी अपेक्षा गैर नाही. शेतकऱ्याने पंचमीला नांगर न धरण्याची रीत मला त्याहून शहाणपणाची वाटते. पावसाळ्यात बिळांतून बाहेर पडलेल्या जीवांना निदान एक दिवस मोकळीक.

सर्पमित्र ही महाराष्ट्राने घडवलेली मोठी गोष्ट आहे, यात वाद नाही. पुण्यात नीलिमकुमार खैरे यांनी 1980 साली 72 विषारी सापांसोबत काचेच्या खोलीत 72 तास राहून लोकांची भीती घालवण्याचा प्रयत्न केला, पुढे कात्रजचे सर्पोद्यान उभे राहिले, आणि गावोगाव तरुण पोरे साप वाचवायला निघाली. यांतला जाणता माणूस कसे काम करतो ते पाहण्यासारखे असते. उलव्यातल्या एका इमारतीत मी ते अगदी जवळून पाहिले. लिफ्टशेजारच्या डक्टमध्ये नाग होता. आलेल्या मुलाने पहिल्यांदा सगळ्यांचे मोबाईल खाली घ्यायला लावले, मग मागच्या बाजूचा दिवा बंद करायला सांगितला. प्लॅस्टिकच्या जाड पाइपचा एक तुकडा, त्याच्या दुसऱ्या तोंडाला काळी कापडी पिशवी गच्च बांधलेली. पाइपचे उघडे तोंड त्याने डक्टच्या कोपऱ्यात टेकवले आणि आकडीने नागाच्या शेपटीकडे अगदी हलके ढोसले. नागाला अंधारे भोक दिसले, तो आपण होऊन सरळ आत गेला. पिशवीला पीळ, पीळावर गाठ. हाताने शेपटी धरणे नाही, फणा उभा करून दाखवणे नाही. सगळे मिळून चार-पाच मिनिटे. जमलेल्यांची थोडी निराशाच झाली. त्यांना थरार हवा होता.

त्या थरारासाठीच दुसऱ्या प्रकारचा सर्पमित्र तयार झाला आहे. गळ्यात नाग, हातात मोबाईल, खाली लाइकांचा पाऊस. अशा रीलपायी महाराष्ट्रातच नव्हे तर देशभर पोरे दगावली आहेत. राज्य सरकारने 2025 च्या जुलैमध्ये सर्पमित्रांना ओळखपत्र आणि दहा लाखांचा अपघात विमा देण्याचे जाहीर केले, ते योग्यच झाले. पण ओळखपत्राबरोबर शिस्तही यायला हवी. केरळच्या वनविभागाने ‘सर्प’ नावाचे ॲप काढले आणि वनविभागाने प्रशिक्षण देऊन प्रमाणपत्र दिलेल्या माणसांनीच साप पकडायचे असा दंडक घातला. आपल्याकडे अजून जो पहिला फोन उचलेल तो सर्पमित्र.

आणि पकडलेला साप जातो कुठे? याविषयी बोलायला कुणाला आवडत नाही. खारघरच्या डोंगरात, कर्नाळ्याच्या बाजूला, ‘जंगलात’ सोडला असे सांगितले की सोसायटीला पुण्य मिळते. पण त्या सापासाठी ते परके जंगल असते. कर्नाटकात आगुंबेला नागराजांच्या अंगात रेडिओ ट्रान्समीटर बसवून केलेल्या प्राथमिक अभ्यासात दिसले, की दूर नेऊन सोडलेला साप आपला परिसर सापडत नसल्यासारखा भरकटत लांब जात राहतो. आपल्याच हद्दीतला साप तसे करत नाही. परक्या मुलखात बीळ कुठे, पाणी कुठे, उंदीर कुठे हे सापाला ठाऊक नसते. असा साप भुकेने, गाडीखाली किंवा दुसऱ्या कुणाच्या तरी काठीने मरतो. वर पंचवीस साप एकाच टेकडीवर सोडले तर त्या टेकडीच्या पायथ्याशी राहणाऱ्यांचे काय, हा प्रश्न वेगळाच. खारघरच्या डोंगरावर फणसवाडी, चाफेवाडीसारख्या आदिवासी वाड्या आहेत. सेक्टरमधल्या फ्लॅटवाल्यांनी आपल्या दारातला नाग त्यांच्या दारात सोडायचा आणि स्वतःला निसर्गप्रेमी म्हणवून घ्यायचे, हे मला काठीपेक्षा फारसे वेगळे वाटत नाही. साप जिथे सापडला त्याच्या जवळच, नाल्याकाठी किंवा मोकळ्या झुडपात सोडावा, हे जाणकारांचे सांगणे. सोसायट्यांना ते पटत नाही. वाचलेला साप त्यांना दिसायला नको असतो.

प्रतिविषाची हकीकतही या वादात आणायला हवी, कारण ती सापाला मारण्याच्या थेट विरोधात जाते. परळची हाफकिन संस्था 1899 साली प्लेगच्या लशीसाठी निघाली आणि पुढे सर्पविषावरच्या कामासाठी ओळखली गेली. प्रतिविष घोड्यांच्या रक्तातून मिळते, पण त्यासाठी आधी विष लागते आणि विषाला जिवंत साप लागतो. देशातले बरेचसे विष तमिळनाडूतल्या इरुळ जमातीच्या सहकारी संस्थेकडून येते. 1978 साली सर्पतज्ज्ञ रोम्युलस व्हिटेकर यांच्या पुढाकाराने ही संस्था निघाली, तेव्हा कातड्यांच्या व्यापारावर बंदी आल्याने इरुळ बेकार झाले होते. साप पकडायचा, विष काढायचे, पुन्हा सोडायचा. कातड्यासाठी साप मारणारे हात माणसे वाचवू लागले. यातही मेख आहे. एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशागणिक बदलते. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत कार्तिक सुनगर यांच्या प्रयोगशाळेने दाखवून दिले आहे, की दक्षिणेतल्या विषावर बनवलेले औषध इतरत्र कमी पडू शकते. आपल्या भागातल्या सापांचे विष आपल्या औषधात हवे असेल, तर आपल्या भागातले साप जिवंत राहिले पाहिजेत.

आता डोंगराच्या पलीकडे जाऊ. पनवेल-कर्जत-खालापूर पट्ट्यातला कातकरी पावसाळ्याच्या पहिल्या रात्री बॅटरी घेऊन खाचरात उतरतो. वलगणीचे मासे चढत असतात, बांधाच्या भोकांत मुठे खेकडे असतात. पुढे भात कापले की उंदीर-घुशींची बिळे खणायची. त्याची शिकार एवढीच, आणि ती पोटासाठी. त्याच भोकात, त्याच बिळात साप असतो, कारण तोही त्याच भक्ष्यावर आलेला असतो. हात आत घालताना फूत्कार ऐकू आला तर कातकरी बहुधा हात मागे घेतो आणि दुसऱ्या बिळाकडे जातो. साप त्याला शहरातल्या माणसापेक्षा चांगला कळतो. पण अडचणीत सापडला तर कोयता चालवतो. रात्रीच्या खाचरात पाणी गुडघाभर, जवळचे रुग्णालय पंचवीस-तीस किलोमीटरवर, फोनला रेंज नाही. अशा ठिकाणी 1926 चा उपदेश करणारा माणूस मला हास्यास्पद वाटेल.

त्याच्या झोपडीत रात्री आणखी एक गोष्ट घडते. मण्यार अंधारात भक्ष्य शोधत फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या उबेला येते आणि कूस बदलताना चावते. दंश मुंगी चावल्याएवढा, खूणही धड दिसत नाही. पहाटे पोटात कळ येते, पापण्या जड होतात, गिळता येत नाही. कोकणात साप चावला की ‘पान लागले’ म्हणतात, तेव्हा निदान साप दिसलेला तरी असतो. मण्यारीच्या दंशात बरेचदा तेही कळत नाही आणि घरचे अपचन समजून बसतात. मण्यारीच्या विषाने श्वास थांबतो, म्हणजे नुसते इंजेक्शन पुरत नाही, व्हेंटिलेटर लागतो. नेपाळच्या तराईत झालेल्या एका अभ्यासात मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना सर्पदंशाचा धोका बराच कमी आढळला. ही मण्यार मारायची की नाही हा प्रश्न त्या झोपडीत निरर्थक आहे, ती चावते तेव्हा कुणी जागे नसते. तिथे प्रश्न खाटेचा आणि मच्छरदाणीचा आहे.

देशात 2000 ते 2019 या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे गेली, वर्षाला सरासरी 58 हजार, असा अंदाज 2020 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने मांडला. बहुतेक मृत्यू ग्रामीण भागातले आणि निम्मे पावसाळ्यातले. जागतिक आरोग्य संघटनेने 2017 साली सर्पदंशाला उपेक्षित आजारांच्या यादीत वरची जागा दिली. 2024 मध्ये केंद्राने राष्ट्रीय कृती आराखडा आणला आणि सर्पदंशाची नोंद सक्तीची करा असे राज्यांना कळवले. रायगड जिल्ह्यातच महाडला डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचू आणि सापाच्या विषावर छोट्या गावात राहून आयुष्यभर काम केले. अशी माणसे जिथे असतात तिथे साप मारण्याची घाई आपोआप कमी होते, कारण दंश म्हणजे मरण हे समीकरण तुटते. भीतीचा खरा उतारा उपचारांत असतो. सापावरच्या व्याख्यानांनी जे होत नाही ते एका प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या भरलेल्या फ्रीजने होते.

शेवटी एक विसंगती, जिच्याकडे प्राणिमित्र आणि सरकार दोघेही काणाडोळा करतात. कायद्याने नाग वाघाच्या अनुसूचीत आहे. वाघाने, बिबट्याने, गव्याने माणूस मारला तर महाराष्ट्र सरकार वारसांना 25 लाख देते. साप त्या भरपाईच्या यादीत नाही. शेतकरी कुटुंबाला गोपीनाथ मुंडे अपघात सुरक्षा योजनेतून सर्पदंशाच्या मृत्यूसाठी दोन लाख मिळू शकतात, पण त्यासाठी सातबाऱ्याशी नाते हवे. भूमिहीन कातकऱ्याच्या घरात ते कुठून असणार? केरळ सर्पदंशाच्या मृत्यूलाही भरपाई देते. वाघ वाचवायचा तर त्याची किंमत गावाने एकट्याने का मोजावी, हे आपल्याला पटले म्हणून ती योजना आली. नागाच्या बाबतीत मात्र कायदा सांगतो की मारलास तर तीन वर्षे आत, आणि मेलास तर तुझे तू बघ. महाराष्ट्राने भरपाईच्या यादीत साप घालावा, भूमिहीनांसह घालावा, आणि पनवेल-कर्जतच्या प्रत्येक आरोग्य केंद्रात जूनच्या आधी प्रतिविष पोहोचते की नाही ते तपासावे. तोवर वनखात्याने वाडीतल्या माणसावर साप मारल्याचा गुन्हा नोंदवताना दोनदा विचार करावा आणि खारघरच्या सोसायटीवर नोंदवताना एकदाही करू नये.